एक मीटरचं शतक

शिकवायला लागले त्या पहिल्याच वर्षी मी मुलांकडून नवव्या शतकाची सनावळ घोकून घेतली होती. एका मुलीने विचारलं, "बाई, आधी कोण, शार्लमेन की अमोघवर्ष?" दोघांचे सन मला तोंडपाठ होते, तरी मी अडखळले. एक सन युरोपच्या धड्यात होता, दुसरा भारताच्या, आणि माझ्या डोक्यात त्या दोन धड्यांची कधी गाठच पडली नव्हती. उत्तर अगदी सोपं होतं. ८१४ च्या जानेवारीत पश्चिम युरोपचा सम्राट शार्लमेन वारला आणि त्याच वर्षी दख्खनमध्ये राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष गादीवर आला.

त्यानंतर मी सनावळ घोकून घेणं बंद केलं आणि कागदाची पट्टी बनवायला लागले. निवृत्त होईपर्यंत दर वर्षी नव्या मुलांबरोबर ती नव्याने बनवली. ती कशी करायची ते इथे सांगते. तुम्ही परीक्षेचा अभ्यास करत असा, ऐतिहासिक कथा लिहीत असा किंवा नुसती हौस असो, कृती तीच.

आधी कागद

मीटरभर लांब आणि फूटभर रुंद कागद घ्या. डावीकडे दहा आणि उजवीकडे पंधरा सेंटिमीटर जास्तीचे सोडा. एका वर्षाला एक सेंटिमीटर. सनातला पुढचा आठ बोटाने झाकला की उरेल तो सेंटिमीटर: ८१४ चौदाव्यावर, ८४५ पंचेचाळिसाव्यावर, ८७८ अठ्ठ्याहत्तराव्यावर. मोजपट्टी ठेवायची आणि खूण करायची, आकडेमोड काही नाही.

पट्टी ८०१ ला सुरू होते. ८०० हे आठव्या शतकाचं शेवटचं वर्ष, आणि इथे चांगले चांगले घसरतात. रोममध्ये पोप तिसऱ्या लिओने शार्लमेनच्या डोक्यावर सम्राटाचा मुकुट ठेवला तो २५ डिसेंबर ८०० ला, म्हणजे नववं शतक उजाडायला आठवडाच उरला होता. ही खूण डावीकडच्या जास्तीच्या कागदावर जाते. बगदादचा खलिफा हारून अल-रशीद ७८६ पासूनचा, त्याची रेषाही तिकडून येते आणि ८०९ ला संपते. हारूनने शार्लमेनला एक हत्ती भेट पाठवला होता, त्याचं नाव अबुल अब्बास. तो ८०२ मध्ये शार्लमेनच्या राजधानीत, आखेनला पोचला आणि ८१० मध्ये मेला. मुलांना दोन्ही सम्राटांपेक्षा हा हत्ती जास्त लक्षात राहतो. त्याच्यासाठी आठ सेंटिमीटरची रेषा खुशाल ओढा.

पट्टीवर आडवे पाच पट्टे आखा. वरून खाली: पश्चिम युरोप, बायझंटियम (पूर्व रोमन साम्राज्य) आणि बल्गेरिया, बगदादची अब्बासी खिलाफत, भारत, आणि सगळ्यात खाली चीन, कोरिया, जपान. कंबोडिया आणि जावा हे भारताच्या नि चीनच्या मधल्या रेघेवर बसवा, व्यापाराने ते तसे मध्येच होते. अमेरिका खंडासाठी मी तळाशी बोटभर जागा ठेवते. तिथे माझी एकच खूण असते: ८६९, माया लोकांच्या टिकाल शहरातला तारीख कोरलेला शेवटचा शिलास्तंभ.

मग खुंटी

पाच पट्टे रिकामे असताना सगळ्यांची नावं एकदम भरायला जाऊ नका. एक माणूस निवडा. त्याची रेषा लांब हवी, आणि त्याच्याबद्दल त्याच्याच काळात लिहिलेलं काही हवं. बाकीचे सगळे त्याच्यावर टांगायचे. ब्रिटनच्या इतिहासात रमणारे आल्फ्रेड राजा घेतील, जपानवाले कूकाई हा बौद्ध भिक्षू. मी अमोघवर्ष घेते, कारण त्याची रेषा ८१४ पासून साधारण ८७८ पर्यंत जाते. मीटरभराच्या पट्टीवर चौसष्ट सेंटिमीटर! एवढी लांब खुंटी या शतकात दुसरी मिळणं अवघड.

आता खुंटीवरच्या खुणा. बाप राष्ट्रकूट तिसरा गोविंद, मोठा सेनानी. उत्तरेच्या मोहिमेवरून परतताना वाटेत, साधारण ८०० मध्ये, हा मुलगा जन्मला. मूळ नाव शर्व. चौदा वर्षांचा असताना गादीवर आला. पोरगा राजा झाला की जे व्हायचं तेच झालं, मांडलिकांनी बंड केलं. गुजरात शाखेचा त्याचा चुलतभाऊ कर्क सुवर्णवर्ष पाठीशी उभा राहिला आणि ८२१ पर्यंत गादी सावरली. राजधानी मान्यखेट, म्हणजे कलबुर्गी जिल्ह्यातलं आजचं मळखेड. पुढे वेंगीचे चालुक्य आणि म्हैसूरकडचे गंग यांच्याशी लढाया झाल्या. त्यातली बरीच लढाई बंकेश नावाच्या सेनापतीने निभावली. बंकापूर या गावाचं नाव त्याच्यावरून पडलं. गंगांशी वैर अखेर लग्नाने मिटलं: राजाची मुलगी चंद्रब्बलब्बा गंग राजपुत्र बूतुग याला दिली.

या माणसाच्या दरबाराची यादी पाहिली की मला हेवा वाटतो. त्याचे गुरू जैन आचार्य जिनसेन. त्यांचे गुरू वीरसेन यांनी 'धवला' टीका ८१६ मध्ये पुरी केली. पुढची 'जयधवला' वीरसेनांच्या हातून अर्धवट राहिली, ती जिनसेनांनी ८३७ मध्ये पूर्ण केली. ८५० च्या सुमाराला महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला आणि आरंभी या राजाची स्तुती केली. व्याकरणकार शाकटायनाने तर आपल्या टीकेला 'अमोघवृत्ती' असंच नाव दिलं. याच दरबारातल्या 'कविराजमार्ग' या कन्नड काव्यशास्त्राच्या ग्रंथात कन्नड देश कावेरीपासून गोदावरीपर्यंत असल्याचं म्हटलं आहे. आपली गोदावरी त्या यादीत बघून मुलं एकदम ताठ बसायची.

एवढं झालं की खुंटी घट्ट बसली.

सन बदलून घेणं

खुंटीवर काही टांगायचं तर सगळे सन एका मापात हवेत. राष्ट्रकूटांच्या लेखात शक असतो, प्रतिहारांच्या लेखात बहुधा विक्रम संवत, अरबांच्या पुस्तकात हिजरी. शकात ७८ मिळवा: अमोघवर्षाचा संजाणचा ताम्रपट शके ७९३ चा, म्हणजे ८७१ चा. विक्रम संवतातून ५७ वजा करा: कनौजच्या प्रतिहार राजा मिहिर भोजाचा बराह ताम्रपट संवत ८९३ चा, म्हणजे ८३६ चा. वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत एकाचा फरक पडतो, पण पट्टीवर एक सेंटिमीटर इकडेतिकडे चालतो.

हिजरीचं वर्ष चांद्र, अकरा दिवसांनी लहान, म्हणून सरळ मिळवणी चालत नाही. हिजरी सनाला ०.९७ ने गुणा आणि ६२२ मिळवा. २३७ चं उत्तर ८५२ च्या जवळपास येतं. हिजरी २३७ प्रत्यक्षात ८५१ च्या जुलैत सुरू झालं आणि ८५२ च्या जूनमध्ये संपलं. हे ८५१ साल लक्षात ठेवा, त्याच्याकडे पुन्हा यायचं आहे.

एक गंमत म्हणजे शक आपल्यापुरताच नव्हता. कंबोडियात दुसऱ्या जयवर्मनने ८०२ मध्ये महेंद्रपर्वतावर, म्हणजे आजच्या कुलेन डोंगरावर, स्वतःला चक्रवर्ती म्हणवून घेण्याचा विधी केला. त्याचं वर्णन ज्या शिलालेखात आहे तो शके ९७४ चा आहे. ७८ मिळवले की १०५२. इथेच पुढची पायरी सुरू होते, कारण विधी आणि त्याचं वर्णन यांत अडीचशे वर्षांचं अंतर आहे.

शाई, शिसपेन्सिल आणि तुटक रेघ

पट्टीची खरी मेहनत इथे आहे आणि लोक नेमकी हीच पायरी गाळतात. प्रत्येक खुणेखाली बारीक अक्षरात लिहा की ही गोष्ट आपल्याला सांगितली कोणी, आणि केव्हा. माझा नियम असा: त्याच काळातल्या माणसाने लिहिलं असेल तर शाई. शंभर वर्षांच्या आतलं असेल तर शिसपेन्सिल. त्यापलीकडचं असेल तर तुटक रेघ.

बल्गेरियाच्या क्रुम खानाचं उदाहरण घ्या. जुलै ८११ मध्ये बायझंटाइन सम्राट पहिला निकिफोरस बल्गेरियात घुसला, राजधानी प्लिस्का लुटली आणि परतीच्या वाटेवर डोंगरखिंडीत सैन्यासकट कोंडला गेला. सम्राट मारला गेला. क्रुमने त्याच्या कवटीला चांदी मढवून तिचा पेला केला, अशी गोष्ट आहे. ऐकताच वाटतं, ही भाकडकथा. पण ती लिहिणारा बायझंटाइन बखरकार थिओफेनीस ८१८ च्या सुमाराला वारला, म्हणजे सात वर्षांच्या आतलं लिखाण. तो शत्रुपक्षाचा होता हे लक्षात ठेवायचं, तरी खूण शाईचीच.

याउलट इंग्लंडचा आल्फ्रेड. डेन लोकांपासून पळून दलदलीत लपला असताना विचारात गढून त्याने गुराख्याच्या बायकोच्या भाकऱ्या करपवल्या, ही गोष्ट प्रत्येक बालपुस्तकात असते. आल्फ्रेड वारला ८९९ मध्ये, आणि ही गोष्ट कागदावर पहिल्यांदा येते ती जवळजवळ शंभर वर्षांनी, एका संताच्या चरित्रात. आल्फ्रेडच्या दरबारातल्या ॲसरने ८९३ मध्ये त्याचं चरित्र लिहिलं. मूळ चरित्रात भाकऱ्या नाहीत. शिसपेन्सिल, तीही हलक्या हाताने.

काश्मीरच्या अवंतिवर्म्याला मी तुटक रेघ देते आणि मनाला थोडं लागतं, कारण त्याच्या काळातली सुय्याची गोष्ट मला या शतकातली सगळ्यात आवडती. राजा ८५५ ते ८८३. झेलमला पूर येऊन शेतं बुडत आणि धान्य महाग होई. सुय्या म्हणजे टाकून दिलेलं मूल, एका चांडाळ स्त्रीला मडक्यात सापडलेलं. "माझ्याकडे अक्कल आहे, पैसा नाही," असं तो म्हणत फिरे. राजाने पैसा दिला. याने नावेतून जाऊन ती नाणी, जिथे दरड कोसळून पात्र तुंबलं होतं तिथे पाण्यात फेकली. लोकांना वाटलं, वेडा आहे. पण उपाशी माणसं नाण्यांसाठी नदीत उतरली, धोंडे उपसून काढले आणि पात्र मोकळं झालं. मग त्याने बांध घातले, पाट काढले. तांदळाची खारी (धान्याचं जुनं माप) दोनशे दिन्नारांवरून छत्तीसवर आली. हे सांगणारा कल्हण मात्र ११४८ च्या सुमाराचा, जवळजवळ पावणेतीनशे वर्षांनंतरचा. सोपोर हे गाव सुय्यापूरचं रूप आहे, म्हणजे माणूस होता हे नक्की. नाण्यांच्या गोष्टीला तुटक रेघ.

आणि अमोघवर्षाचं बोट? प्रजेवरचं संकट टळावं म्हणून त्याने डाव्या हाताचं बोट कापून महालक्ष्मीला वाहिलं, असं संजाणच्या ताम्रपटात आहे. ताम्रपट ८७१ चा, राजा जिवंत, म्हणून नियमाने शाई. पण ताम्रपट राजाच्याच पदरचा. अशा खुणेभोवती मी एक गोल काढते, अर्थ: सांगणारा पगारी.

आदि शंकराचार्यांचा प्रश्न दर वर्षी येतोच. ७८८ ते ८२० हे सन रूढ आहेत. बरेच अभ्यासक त्यांना आठव्या शतकाच्या पूर्वार्धात नेतात. मी डावीकडच्या जास्तीच्या कागदावरून आत येणारी फिकट तुटक रेघ काढते आणि वादात पडत नाही. धर्मपुरुषांच्या बाबतीत असं होणारच. राजाचा सन त्याच्या दानपत्रावर असतो, संन्याशाला दानपत्र काढायचं कारण नसतं.

तीन रंग, आणि ते कसे फसतात

राजांना लाल, धर्मपुरुषांना पिवळा, योद्ध्यांना निळा. सुरुवात अशीच करा. लवकरच रंग मिसळायला लागतील, आणि ते तसे मिसळावेत म्हणूनच ही पायरी.

क्रुमच्याच घराण्यातला बोरिस पहिला घ्या. गादीवर आला तेव्हा लाल. ८६४ च्या सुमाराला बाप्तिस्मा घेतला आणि सगळ्या बल्गेरियाला घ्यायला लावला. ८८९ मध्ये गादी मुलाला देऊन मठात गेला, म्हणजे पिवळा. मुलाने जुने देव परत आणायचा घाट घातला, तेव्हा ८९३ मध्ये म्हातारा मठातून बाहेर आला, मुलाला पदच्युत करून आंधळं केलं, धाकट्या सिमिओनला बसवलं आणि पुन्हा मठात. याला कोणता रंग द्याल? माझ्या एका विद्यार्थ्याने लाल-पिवळ्या तिरप्या रेघा ओढल्या आणि शेजारी लिहिलं, "राजीनामा परत घेतला."

आमच्या खुंटीचंही तसंच आहे. 'प्रश्नोत्तररत्नमालिका' अमोघवर्षाच्या नावावर आहे, आणि तिच्या शेवटच्या श्लोकात कर्त्याने विवेकाने राज्य सोडल्याचं म्हटलं आहे. चौसष्ट सेंटिमीटरच्या लाल रेषेचं शेवटचं टोक पिवळं करा.

कोरियाचा जांग बोगो तर सगळे रंग मोडतो. सामान्य घरातला हा माणूस चीनमध्ये थांग घराण्याच्या सैन्यात नोकरीला होता. परत येऊन ८२८ मध्ये त्याने वांदो बेटावर चोंगहे हे ठाणं वसवलं आणि समुद्रातल्या चाच्यांना आवरलं. ते किनाऱ्यावरची माणसं पळवून गुलाम म्हणून विकत. पुढे चीन, कोरिया, जपान यांमधला व्यापार त्याच्या हाती आला. शेवटी दरबारी राजकारणात खून झाला. योद्धा म्हणावं तर शांतुंगमध्ये त्याने बांधलेल्या बौद्ध विहारातच जपानी भिक्षू एन्निन आसऱ्याला राहिला होता. एन्निनने त्याला लिहिलेलं आभाराचं पत्र एन्निनच्याच रोजनिशीत आहे. शाई!

जपानच्या कूकाई आणि साइचो यांना पिवळा द्यायला अडचण नाही, पण त्यांच्या दोन रेषांमध्ये काय घडलं ते लिहा. ८०४ मध्ये दोघेही एकाच शिष्टमंडळातून, वेगवेगळ्या जहाजांतून चीनला निघाले. साइचोने परतून तेंदाई पंथ उभा केला, कूकाईने ८०६ मध्ये येऊन शिंगोन. मग साइचो कूकाईकडे ग्रंथ उसने मागू लागला. काही वर्षं कूकाईने दिले आणि मग एका ग्रंथाला नाही म्हणाला: हे पुस्तकातून शिकायचं नसतं, गुरूपुढे बसावं लागतं. साइचोचा आवडता शिष्यही कूकाईकडे गेला आणि परत आला नाही. ग्रंथ परत न करणाऱ्यांचा मला अनुभव असल्याने माझी सहानुभूती विभागलेली आहे.

बगदादच्या पट्ट्यावर रंग आमनेसामने येतात. ८३३ मध्ये खलिफा अल-मामूनने हुकूम काढला की कुराण हे निर्मिलेलं आहे असं काझींनी नि विद्वानांनी कबूल करावं. अहमद इब्न हनबल या धर्मपंडिताने कबूल केलं नाही. त्याच वर्षी अल-मामून वारला, पण पुढच्या खलिफाने इब्न हनबलला फटके मारवले. तो नमला नाही, आणि ८५५ मध्ये वारला तेव्हा हुकूमच रद्द झालेला होता. त्याच अल-मामूनच्या पदरी अल-ख्वारिज्मी बीजगणित लिहीत होता. त्याच्याच नावावरून आपण आज अल्गोरिदम म्हणतो. तो राजा नाही, संत नाही, योद्धाही नाही. महावीराचार्यही नाहीत. मी अखेर हिरवा रंग आणला. तुम्ही पहिल्यापासूनच आणा.

उभे काप

आता पट्टी भरली. आतापर्यंत आपण आडवं वाचत होतो, आता उभं वाचायचं. मोजपट्टी उभी ठेवा आणि एका सेंटिमीटरवर जे जे येईल ते वाचा.

८१४ वर ठेवा. २८ जानेवारीला आखेनमध्ये शार्लमेन गेला. १३ एप्रिलला कॉन्स्टँटिनोपलवर चालून जायच्या तयारीत असताना क्रुम गेला. दक्षिणेत चौदा वर्षांचा शर्व गादीवर. अल-मामून भावाला मारून खलिफा झाला त्याला वर्षही झालं नाही आणि तो अजून बगदादला आलेला नाही, दूर मध्य आशियातल्या मर्वमध्ये आहे.

८४५ हा काप मी नेहमी एक तास घेऊन करते. चीनमध्ये सम्राट वूझोंगने बौद्ध मठ मोडीत काढले: ४,६०० मठ बंद, २,६०,५०० भिक्षू-भिक्षुणी सक्तीने संसारात परत. ख्रिस्ती आणि अग्निपूजकही सुटले नाहीत. एन्निनची चीवरं उतरली ती याच वर्षी. खलिफाच्या तेव्हाच्या राजधानीत, सामर्रामध्ये, अमोरियम हे बायझंटाइन शहर पडलं तेव्हा धरून आणलेल्या बेचाळीस बायझंटाइन कैद्यांना, सात वर्षांच्या कैदेनंतरही धर्म बदलत नाहीत म्हणून, खलिफाने मार्चमध्ये मारलं. त्याच मार्चमध्ये व्हायकिंग सीन नदीतून पॅरिसला आले आणि तिथला फ्रँक राजा टकला चार्ल्स याने सात हजार पौंड चांदी देऊन त्यांना वाटेला लावलं. त्यांच्या म्होरक्याचं नाव बखरीत रेगिनहेरी असं येतं. दंतकथांतला रॅग्नर लोथब्रोक तो हाच, याला पुरावा नाही, त्यामुळे रॅग्नरला तुटक रेघसुद्धा जपूनच.

आता भारताच्या पट्ट्यावर या. ८४३ चा कान्हेरीच्या लेण्यांतला लेख आहे, शके ७६५: अमोघवर्षाचं राज्य, कोकणात त्याचा मांडलिक शिलाहार पुळशक्ती, आणि दान बौद्ध भिक्षूंना. दहा वर्षांनी तिथेच गौड देशातून, म्हणजे पालांच्या बंगालमधून आलेल्या एका उपासकाचं दान. राजाचे गुरू जैन, राजा महालक्ष्मीला बोट वाहणारा, आणि लेण्यात भिक्षू. चिनी खुणेच्या जवळजवळ वरच ही खूण येते.

८५१ वर, म्हणजे मघाच्या हिजरी २३७ वर, एक अरबी वृत्तान्त ठेवा. सुलेमान नावाच्या व्यापाऱ्याच्या नावावर तो सांगितला जातो. त्यात जगातल्या चार मोठ्या राजांची यादी आहे: अरबांचा खलिफा, चीनचा सम्राट, रूमचा म्हणजे बायझंटियमचा सम्राट, आणि चौथा बल्हारा, कान टोचलेल्यांचा राजा. बल्हारा म्हणजे वल्लभराज, राष्ट्रकूटांचं बिरुद. म्हणजे आमची खुंटी! मोजपट्टी उभी ठेवली की चौघे एका ओळीत येतात. खलिफा अल-मुतवक्किल, तिशीच्या आतला, दहा वर्षांनी स्वतःच्याच तुर्की पहारेकऱ्यांकडून मारला जाणार. चीनचा श्वानझोंग, वूझोंगचा काका, पुतण्याने मोडलेले मठ पुन्हा उभारू देणारा. रूमचा मायकेल तिसरा, अकरा वर्षांचा पोर. कारभार त्याची आई थिओडोरा पाहत होती. ८४३ मध्ये मूर्तिपूजेचा वाद मिटवून चर्चमध्ये चित्रं परत आणणारी तीच. आणि पन्नाशीतला अमोघवर्ष. वृत्तान्तात जुर्झच्या, म्हणजे गुर्जरांच्या, राजाचाही उल्लेख येतो, भारतात त्याच्याइतकं चांगलं घोडदळ कोणाकडे नाही आणि तो अरबांशी वैर धरतो. तो मिहिर भोज.

८७८ चा काप एका महिन्यात मावतो. मे महिन्यात आल्फ्रेडने एडिंग्टनला गुथ्रमच्या डेन सैन्याचा पराभव केला. काही आठवड्यांत गुथ्रमने बाप्तिस्मा घेतला, ॲथेल्स्टन हे नाव घेतलं आणि आल्फ्रेड त्याचा धर्मपिता झाला. त्याच मे महिन्याच्या २१ तारखेला सिसिलीतलं सिराक्यूज अरबांनी घेतलं. पुढच्याच वर्षी चीनमध्ये बंडखोर ह्वांग छाओने कँटन बंदर घेतलं आणि तिथल्या परदेशी व्यापाऱ्यांची कत्तल केली. हे आपल्याला कोण सांगतं? ८५१ च्या वृत्तान्ताला पुढे पुरवणी जोडणारा, इराणी आखातातल्या सिराफ बंदराचा अबू झैद. एकाच पुस्तकाचे दोन भाग, आणि मधल्या सत्तावीस-अठ्ठावीस सेंटिमीटरमध्ये अरबांचा तिथला व्यापारच बुडाला.

नावांचा घोळ

हे शेवटी सांगते, कारण मी स्वतः इथे फजीत झाले आहे. वर्गात मिहिर भोजाबद्दल बोलताना मी ऐटीत "कुठे राजा भोज" ही म्हण जोडून दिली. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, तो धारचा ना? परमार?" खरंच होतं. म्हणीतला भोज दीडशे-दोनशे वर्षांनंतरचा परमार राजा मानतात. कनौजचा भोज ८३६ ते साधारण ८८५, त्याच्या नाण्यांवर 'आदिवराह' असतं.

म्हणून खुणेवर नाव लिहिताना घराणं लिहा, आणि बिरुद असेल तर कंसात मूळ नाव. अमोघवर्ष हे बिरुदच आहे, राष्ट्रकूटांत पुढे दुसरा आणि तिसराही झाला. आमचा हा पहिला: अमोघवर्ष, शर्व, नृपतुंग, बल्हारा, चारही नावं एकाच खुंटीची. चीनच्या दोन सम्राटांची नावं मराठीत श्वानझोंगच होतात, त्यातला प्रसिद्ध आठव्या शतकातला. चार्ल्सही बरेच आहेत, टकला कोण ते लिहा.

आणि उजवीकडचे ते पंधरा सेंटिमीटर कापू नका. अमोघवर्षाचा मुलगा दुसरा कृष्ण ८७८ ला सुरू होतो आणि ९१४ पर्यंत जातो, त्याची रेषा पट्टीच्या बाहेर चौदा सेंटिमीटर येते. मठात परतलेला बोरिस तिथेच, सातव्या सेंटिमीटरवर संपतो.